दूध-तूप वगळल्यावर वास कशात मुरवायचा? चहा, पाला आणि मसाल्यांची व्हीगन रीत

व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीच न वापरता स्वयंपाक करायला घेतला की आमटी-उसळीपाशी कुणाचं अडत नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, भरली वांगी हे सगळं आधीपासून तसंच आहे. अडतं ते खिरीपाशी आणि मसालेभातापाशी. म्हशीच्या दुधाऐवजी बदामाचं दूध घेतलं, तुपाऐवजी तेल घेतलं, वेलची-केशर नेहमीइतकंच घातलं, तरी पदार्थ फिकाच लागतो. मग लोक मसाला वाढवतात, आणि फिका पदार्थ कडवट होतो.

सायीचं दूध नुसती चव देत नाही, मसाल्याचा वासही धरून ठेवतं. त्यात पाणी असतं आणि भरपूर स्निग्धांशही, त्यामुळे वेलची कशीही टाकली तरी तिचा वास कुठे ना कुठे मुरतोच. बाजारातल्या पातळ बदाम दुधात ही आयती सोय नसते. तेव्हा कुठला वास कशात, किती गरम आणि किती वेळ मुरवायचा हे आपल्याला आधी ठरवावं लागतं. ते एकदा जमलं की मसाला वाढवावा लागत नाही.

काय कशात उतरतं

हे वाचून पटण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं. काष्ठौषधीच्या दुकानातून थोडी रतनजोत, म्हणजे रंग देणारी वाळकी मुळी, आणा. एका वाटीत गरम पाणी घ्या, दुसरीत बेताचं गरम तेल, आणि दोन्हींत रतनजोतीची एकेक काडी टाका. तेल पाहता पाहता गडद लाल होतं, पाणी जवळजवळ तसंच राहतं. आता केशराच्या चार काड्यांनी हेच करा. पाणी पिवळंधमक होतं आणि तेलात काड्या नुसत्या तरंगतात. म्हणून केशर फोडणीत टाकणं म्हणजे पैसे तेलात घालणं.

पाण्यात उतरतात: केशराचा रंग, कोकमाचा आंबटपणा आणि रंग, गोकर्णाचा निळा, चहाचा रंग आणि तुरटपणा. तेलात उतरतात: हळदीचा आणि लाल तिखटाचा रंग, मिरचीचा जाळ, दगडफूल, कढीपत्ता, हिंग. वेलची, गवती चहा, पुदिना, तुळस यांचा वास खरा तेलकट जातीचा, पण गरम पाण्यातही बऱ्यापैकी येतो. अडचण अशी, की तो वाफेबरोबर उडूनही जातो. ही मंडळी झाकणाखालीच मुरवायची. गॅस बंद केल्यावर झाकणाच्या आत जमलेले थेंब सिंकमध्ये न ओतता परत पातेल्यात झटकायचे, कारण वास त्यांतही असतो.

हळदीबद्दल एक सांगायला हवं. बदामाच्या दुधात नुसती हळद ढवळून जे पिवळं पेय मिळतं, त्यात हळद तळाशी बसलेली असते. आधी चमचाभर खोबरेल तेलात हळद आणि मिरपूड मंद परतायची आणि मग त्यावर दूध ओतायचं. रंगही धरतो आणि कच्चट वासही जातो.

भांडी आणि तयारी

यादी लहान आहे: स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, घट्ट बसणारं झाकण, मलमलचा धुतलेला तुकडा, दोरा, खलबत्ता. चहा आणि कोकम लोखंडात किंवा ॲल्युमिनियममध्ये मुरवू नका. लोखंडाशी चहातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट घटक, जुळलं की काळं होतं. छोल्यांना तोच काळा रंग हवा म्हणून लोखंडी कढई मुद्दाम घेतात ती गोष्ट वेगळी, पण खिरीत तो रंग कुणाला नको.

अख्खे मसाले मुरवण्याआधी कोरडेच किंचित गरम करा आणि ठेचा. पूड शक्यतो टाळा, ती गाळताना फडक्यातून निसटते आणि पदार्थात रेव लागते. वेलदोडे सालीसकट ठेचायचे. गवती चहाची पानं धुवून हाताने चुरगळायची आणि गाठ मारायची, म्हणजे काढताना एका चिमट्यात निघतात.

थंड, गरम की उकळून

आयुर्वेदात हिम, फांट आणि काढा अशा तीन रीती वेगळ्या मानल्या आहेत. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवणं, फांट म्हणजे गरम पाणी ओतून थोडा वेळ झाकून ठेवणं आणि काढा म्हणजे उकळून आटवणं. स्वयंपाकालाही हीच विभागणी पुरते. नाजूक पानं-फुलं आणि चहा यांना फांट, लाकडासारख्या कडक मसाल्यांना काढा, आणि वाळ्यासारख्या मुळांना हिम.

वेळेचा अंदाज असा धरा. पुदिना आणि तुळस गॅस बंद केल्यावर 5 मिनिटं. गवती चहा आणि ठेचलेली वेलची मंद आचेवर 5 मिनिटं आणि मग झाकून 10 ते 15. चक्रीफूल 10 ते 15 मिनिटं उकळत. दालचिनी 20 मिनिटं. लवंग मात्र 5 मिनिटांत काढा, ती पाहुणी म्हणून येते आणि घर ताब्यात घेते. केशर खलात चिमूटभर साखरेबरोबर घोटून दोन चमचे गरम पाण्यात, न उकळता, अर्धा तास. मग ते पाणी काड्यांसकट पदार्थात.

मुरवलेलं पाणी चाखताना जरा जास्तच वाटलं पाहिजे. तांदूळ, रवा, डाळ हे सगळं वास खाऊन टाकतं. थंडगार खायच्या पदार्थाला तर नेहमीच्या दीडपट घ्या, गारव्यात वास दबतो. आणि कृतीत 3 वाट्या पाणी सांगितलं असेल आणि तुमचं मुरवलेलं पाणी 1 वाटी असेल, तर साधं पाणी 2 वाट्याच घालायचं. हा हिशेब चुकल्यामुळे पातळ झालेल्या पदार्थाचा दोष लोक व्हीगन स्वयंपाकाला देतात.

नारळाचं दूध

मालवणकडचे शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, आणि सोबत गूळ घातलेला नारळाच्या दुधाचा रस. हा पदार्थ मुळातच व्हीगन आहे आणि नारळाचं दूध कसं हाताळायचं याचा धडाही त्यातच आहे: पहिलं दूध आणि दुसरं दूध वेगळं ठेवायचं.

एक मोठा नारळ खवा, साधारण 2 वाट्या खवलेलं खोबरं निघेल. 1 वाटी कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि फडक्यातून पिळा, हे पहिलं, जाड दूध. तोच चोथा दीड वाटी गरम पाण्यात पुन्हा फिरवून पिळा, हे दुसरं, पातळ. मुरवायचं ते दुसऱ्या दुधात. त्यात पाणी जास्त आणि स्निग्धांश थोडा, त्यामुळे दोन्ही जातीचे वास उतरतात आणि जरा जास्त गरम झालं तरी नुकसान कमी. जाड दूध उकळलं की फाटतं, तेल आणि पाणी वेगळं होतं, आणि मग कितीही ढवळा, तो मऊपणा परत येत नाही.

पातळ दुधात गवती चहाची 5-6 पानं, इंचभर आलं ठेचून आणि 4 वेलदोडे घाला. आच मंद ठेवा. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की तिथेच थांबवायचं, मधून उकळी फुटू द्यायची नाही. असं 5 मिनिटं ठेवून गॅस बंद करा आणि 15 मिनिटं झाकून ठेवा. चमचाभर काढून, निववून चाखा. आधी गवताचा हिरवा वास येतो, मग लिंबासारखा, आणि घशाशी आलं लागतं. तिन्ही लागले की गाळायचं. गवती चहा आणि आलं फडक्यात घट्ट पिळलं तरी चालतं. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ त्यात विरघळवून पुन्हा एकदा गाळा, गुळात खडे असतात. चिमूटभर मीठ घाला आणि रस कोमट झाल्यावर पहिलं दूध घालून ढवळा. यानंतर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. शिरवाळ्यांचा खटाटोप नको असेल तर यात शिजवलेला साबुदाणा, वरई किंवा रताळ्याच्या फोडी घाला. मला रताळं जास्त आवडतं.

परदेशात किंवा घाईत डब्यातलं दूध वापरणाऱ्यांनी डब्यावरचे घटक वाचावेत. बऱ्याच डब्यांत दूध एकजीव ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते आच जरा सोसतं. पाऊण वाटी दूध आणि पाऊण वाटी पाणी मिसळून त्यात मुरवा, उरलेलं दूध शेवटी.

बाकीच्या दुधांचं थोडक्यात. काजूचं दूध तापवलं की दाट होतं, म्हणून त्यात मुरवण्याऐवजी वेगळं मुरवलेलं पाणी त्यात मिसळा. ओटचं दूध जास्त उकळलं की बुळबुळीत होतं. सोयाचं दूध आंबटापुढे लगेच फाटतं. कोकम, अंबाडीची फुलं किंवा लिंबू त्यापासून लांब ठेवा. नारळाचं दूधही गरम असताना आंबट सोसत नाही. सोलकढी कुणी गरम करत नाही ती काही उगाच नाही.

चहा: वेळ न वाढवता पत्ती वाढवा

स्वयंपाकात चहा वापरताना हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे. जास्त वेळ उकळलेल्या चहात वास वाढत नाही, तुरटपणा वाढतो. पिण्याच्या चहात तो दुधामुळे झाकला जातो. दूध नसेल तर तो सरळ जिभेवर येतो.

आपल्याकडचा दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. त्यात पान चुरडून, फाडून त्याचे गोळे वळलेले असतात. ही यंत्रं 1930च्या दशकात आसामात आली. हा चहा दोन-तीन मिनिटांत रंग सोडतो, वास मात्र बेताचाच. रंग हवा असेल तर सीटीसी घ्या. खिरीत, शिऱ्यात चहाचा वास हवा असेल तर दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पानांचा चहा, नुकत्याच उकळलेल्या पाण्यात 4 मिनिटं. हिरव्या चहाला उकळतं पाणी लावू नका. 3 वाट्या उकळत्या पाण्यात 1 वाटी साधं पाणी मिसळा, ते 80 अंशांच्या आसपास येतं, त्यात 2 मिनिटं बास. चहाची पत्ती गाळताना पिळायची नाही, गवती चहाच्या नेमकं उलट.

आता छोले. 250 ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवा. बहुतेक ठिकाणी चहाची पुरचुंडी थेट कुकरमध्ये टाकायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण चण्यांबरोबर 25 मिनिटं शिजलेली पत्ती सगळा कडूपणा सोडते. त्यापेक्षा 1 वाटी उकळत्या पाण्यात 3 चमचे पत्ती घालून 5 मिनिटं झाका आणि गाळा. हा गाळलेला चहा आणि 3 वाट्या साधं पाणी चण्यांत घाला. पत्ती बाजूला झाल्यावर तो कितीही शिजला तरी नवीन कडूपणा यायला जागा नाही. पुरचुंडी बांधायची ती मसाल्याची: 1 मसाला वेलची, दालचिनीचा तुकडा, 2 लवंगा आणि 3-4 सुके आवळ्याचे तुकडे. लवंगा इथे 5 मिनिटांपेक्षा जास्त राहतात, म्हणून दोनच. मीठ घालून कुकरला एक शिट्टी मोठ्या आचेवर काढा, मग आच मंद करून 20 ते 25 मिनिटं. झाकण उघडल्यावर चणे गडद तपकिरी दिसतात. दाणा बोटात दाबला तर आतपर्यंत मऊ पण साल धरून असला पाहिजे. पुढचा कांदा-टोमॅटो-छोले मसाल्याचा भाग तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, तेलात.

वरून लिंबू जरूर पिळा. चहातले घटक डाळी-कडधान्यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाहीत आणि 'क' जीवनसत्त्व त्याला मदत करतं. व्हीगन जेवणात लोह सगळं वनस्पतींतूनच येतं, त्यामुळे ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी चहाचे छोले रोजचे करू नयेत.

गोडातही चहा चालतो. 200 ग्रॅम बिया काढलेला खजूर सव्वा वाटी कडक गरम काळ्या चहात अर्धा चमचा खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवा आणि घोटा. अंडं-लोणी न घालता केलेल्या केकला याने रंग, ओल आणि गोडी तिन्ही मिळतं. जपानात भातावर हिरवा चहा ओतून खातात, त्याला ओचाझुके म्हणतात. आंबेमोहराच्या गरम भातावर तसा चहा ओतून बाजूला कैरीचं लोणचं घेतलं तर आजारपणानंतरच्या तोंडाला बरं लागतं.

तिरफळ आणि हिंग: पाणी करून घालायचे

कोकणात आणि गोव्यात तिरफळ, म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारं मसाल्याचं सुकं फळ, बहुधा माशांच्या कालवणाशी जोडलं जातं, पण तुरीच्या किंवा मुगाच्या आमटीत ते तितकंच शोभतं. 5-6 सुकी तिरफळं घ्या, आतली काळी बी फेकून द्या, नुसती टरफलं ठेचून पाव वाटी कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवा. नारळाचं वाटण घातलेली आमटी उतरवायच्या दोन मिनिटं आधी हे पाणी टरफलांसकट घालायचं. आधी घालून खळखळ उकळलं तर जिभेवरची ती झिणझिणी उरत नाही. तिरफळाच्या आमटीला मोहरी-हिंगाची फोडणी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. वरून कच्चं खोबरेल तेल चमचाभर पुरे.

खडा हिंगही पाण्यात भिजवून ठेवता येतो. मटाराएवढा खडा अर्धी वाटी गरम पाण्यात रात्रभर. फोडणी नसलेल्या पदार्थात, कोशिंबिरीत, पापडाच्या पिठात हे पाणी कामाला येतं. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, गहू न चालणाऱ्यांनी हे बघून घ्यावं.

तेल

तुपाची जागा भरायची तर नुसतं तेल चालत नाही, वास मुरलेलं तेल लागतं. फोडणी चटकन होते आणि तिथेच संपते. हे तेल बाटलीत भरून ठेवता येतं. 1 वाटी तेलात मूठभर दगडफूल (आधी झटकून, निवडून, त्यात झाडाची साल आणि माती असते), 1 चक्रीफूल, 2 तमालपत्रं, 1 मसाला वेलची घाला. सगळं पूर्ण कोरडं हवं. अगदी मंद आचेवर 15 मिनिटं ठेवा. मसाल्याभोवती एखाद-दुसरा बुडबुडा चालेल, धूर दिसता कामा नये. दगडफूल सुरुवातीला कोरड्या पालापाचोळ्यासारखं असतं. साधारण दहाव्या मिनिटाला त्याच्या कडा काळपट होतात आणि एकदम गोड्या मसाल्याच्या डब्याचा वास सुटतो. रंग त्याहून पुढे जाऊ द्यायचा नाही. झाकून निववा आणि गाळा. मसालेभातावर एरवी तूप सोडतो तिथे हे चमचाभर सोडा, वर खोबरं-कोथिंबीर.

घाण्याचं शेंगदाणा तेल दगडफुलाला, मिरचीला, लसणाला चांगलं. वेलची किंवा केवड्यासारख्या वासांवर ते कुरघोडी करतं, तिथे वास नसलेलं सूर्यफुलाचं घ्या. कढीपत्त्याला खोबरेल. लाल तिखटाचं तेल करताना तेल तापवून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग तिखट घाला, नाहीतर जळतं.

वाफ आणि गारवा

पातोळे हा वाफेवर वास मुरवायचा सर्वांत सोपा नमुना. हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यात गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून 12 ते 15 मिनिटं वाफ. नागपंचमीला हिंदू घरांत आणि 15 ऑगस्टला मेरीमातेच्या सणाला गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हे होतात, आणि दूध-तूप कुठेच लागत नाही. पान पिठाला चिकटलेलं असल्यामुळे वास थेट आत जातो. मोदकपात्राच्या पाण्यात गवती चहा टाकायचा सल्ला मिळतो, पण तसा वास घरात जास्त पसरतो आणि मोदकात कमी. पान पदार्थाला लागलंच पाहिजे.

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो तोच हिम. 10 ग्रॅम धुतलेला वाळा 1 लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. या पाण्याची जेली छान होते. जिलेटीन प्राण्यांपासून येतं, म्हणून आगर-आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. अर्धा लिटर वाळ्याच्या पाण्यातलं 1 वाटी पाणी काढून त्यात 2 सपाट चमचे आगर पूड आणि 4 चमचे साखर घालून 2-3 मिनिटं उकळा. उरलेलं पाणी फ्रीजमधलं नको, किंचित कोमट करून मग मिसळा. आगर 35 ते 40 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, गार पाणी ओतलं तर गाठी होतात. अशी विभागणी केल्याने बहुतेक वाळा उकळीपासून वाचतो. गोकर्णाची फुलं मुरवून निळी जेली करायची असेल तर लिंबू नको, निळ्याचं जांभळं होतं. जांभळीच हवी असेल तर आगर विरघळल्यावर, गॅस बंद करून लिंबाचे थेंब घाला.

किती दिवस टिकतं

पाण्यात मुरवलेलं फ्रीजमध्ये 2 दिवस. नारळाच्या दुधातलं त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कोरड्या मसाल्यांचं तेल अंधाऱ्या कपाटात महिनाभर.

ओल्या लसणाचं, ओल्या मिरचीचं किंवा ताज्या पाल्याचं तेल मात्र ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, लसणात ओल असते आणि आंबटपणा नसतो. अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही. असं तेल लागेल तेवढंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि 4 दिवसांत उरलेलं टाकून द्या. काचेच्या बरणीत लसूण आणि रोझमेरी तरंगताना फोटोत कितीही सुंदर दिसली तरी.

गवती चहाचं, वाळ्याचं, चहाचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरून ठेवलं तर दोन-तीन महिने पुरतं. एक खडा साधारण 2 मोठे चमचे होतो. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा, गोठल्यावर वाळा कुठला आणि गवती चहा कुठला हे दिसून ओळखू येत नाही.